आश्रमशाळेतला डॉक्टर: पदवीपेक्षा काम ठरवा

प्रत्येक आश्रमशाळेला पूर्णवेळ बालरोगतज्ज्ञ हवा, अशी एक मागणी आहे. त्याची पात्रता म्हणजे एमबीबीएसनंतर बालरोगातली एमडी (3 वर्षं) किंवा डीसीएच ही बालआरोग्याची पदविका (2 वर्षं), आणि वैद्यकीय परिषदेची चालू नोंदणी. पण धानोरा-धारणीसारख्या दुर्गम आदिवासी भागात प्रत्येक शाळेला असा माणूस कुठून मिळणार? महिन्याला त्याची एक ठरलेली फेरी आणि मुक्कामी नर्स, एवढं तरी मागूया.

फेरीत आधी सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, बघा. सोल्युबिलिटी ही त्याची प्राथमिक रक्तचाचणी वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) दोघांतही पॉझिटिव्ह येते. म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही खात्रीची तपासणी झाल्याशिवाय पोराच्या कार्डावर शिक्का नको. नाहीतर धडधाकट पोराचं खेळणं बंद होतं आणि आजारी पोर औषधाविना राहतं. हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलच्या औषधाचा डोस वजनावर असतो. पोर वाढतं, डोस मात्र मागच्या वर्षीचाच राहतो. तेव्हा दर फेरीत वजन आणि ठरल्या वेळी रक्तपेशींची मोजणी हवीच. पोट तपासताना प्लीहा (पानथरी) बरगडीखाली किती बोटं हाताला लागते तेही लिहा. एसएसच्या मुलाला 101 फॅरनहाइट ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखान्यात न्या.

अधीक्षकांना एक नक्की शिकवा: जमिनीवर झोपलेलं पोर पहाटे पोट दुखतं म्हणून उठलं आणि पापण्या जड झाल्या, तर जखम दिसो न दिसो, मण्यार साप चावला असं समजून दवाखान्यासाठी गाडी काढा.