६२.५ केव्हीए जनरेटरच्या सायलेन्सरमधून काळे तेल गळते. इंजिन खरोखर उघडावे लागेल का?

सोसायटी सचिव, पुणे:
नमस्कार. आमच्या ४८ सदनिकांच्या सोसायटीत दोन लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे यांसाठी २०१६ पासून ६२.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे. वीज फारशी जात नसल्यामुळे तासमापकावर आजवर फक्त ४१० तास दिसतात. सेट तयार राहावा म्हणून सुरक्षारक्षक दर शनिवारी तो पंधरा मिनिटे लोड न देता चालवतात. गेल्या दोन महिन्यांपासून सायलेन्सरच्या जोडातून डांबरासारखे चिकट थेंब पडत आहेत. बोटाला लागले तर साबणानेही निघत नाहीत आणि त्यांना कच्च्या डिझेलचा वास येतो. सुरू करताच पांढरट धूरही निघतो. देखभाल करणाऱ्यांनी पिस्टनच्या रिंगा गेल्याचे सांगून इंजिन ओव्हरहॉल करण्याचे अंदाजपत्रक दिले आहे. वीज गेल्यावर पॅनेलवर प्रत्येक फेजला १२ ते १४ अँपिअर दिसतात. सभासदांचे पैसे खर्च करण्यापूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

डीजी मेकॅनिक, नाशिक:
सचिव साहेब, अंदाजपत्रकावर इतक्यात सही करू नका. ६२.५ केव्हीएचा सेट ४१५ व्होल्टला साधारण ८७ अँपिअर देतो. तुमचा लोड १३ अँपिअर, म्हणजे जेमतेम १५ टक्के आहे, आणि शनिवारी तर तोही नसतो. इतक्या कमी लोडवर सिलिंडर पुरेसा तापत नाही, रिंगांना लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, घट्ट बसवणारा वायूचा दाब तयार होत नाही आणि अर्धवट जळलेले डिझेल काजळीसह सायलेन्सरमध्ये साचत जाते. याला वेट स्टॅकिंग म्हणतात. आठ वर्षांहून अधिक काळ तुमचा सेट दर आठवड्याला हेच करत आला आहे.

आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काढून पाहा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि ऑइल पातळ वाटत असेल, तर त्यात डिझेल उतरले आहे. त्यानंतर भाड्याने लोड बँक, म्हणजे सेटला हवा तेवढा कृत्रिम लोड देणारे यंत्र, आणून ३०, ५० आणि ७५ टक्के अशा टप्प्यांनी लोड वाढवा आणि धूर स्वच्छ होईपर्यंत सेट चालवा. याला दोन-तीन तास लागू शकतात. सायलेन्सरमध्ये साचलेला थर तापल्यावर पेट घेऊ शकतो, म्हणून अग्निशामक जवळ ठेवा आणि माणूस तेथून हलवू नका. त्यानंतरही धूर किंवा ब्रीदरमधून (इंजिनातील वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोराचा वाफारा येत राहिला, तर लायनर गुळगुळीत झाल्याची शंका घेऊन कॉम्प्रेशन तपासा. ओव्हरहॉलचा विचार तेव्हा करता येईल.

एक सभासद, ठाणे:
त्यापेक्षा हा सेट विकून २५ केव्हीएचा घेणे योग्य होणार नाही का?

डीजी मेकॅनिक, नाशिक:
प्रश्न रास्त आहे, पण चालू लोड आणि सुरुवातीचा लोड यांत मोठा फरक असतो. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या सहापट करंट ओढू शकते. दोन लिफ्ट आणि पंप एकाच वेळी सुरू झाले तर लहान सेट दबतो. लिफ्टला ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग हळूहळू वाढवणारे उपकरण, असेल तर हे प्रमाण बरेच कमी होते. शिवाय १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सीपीसीबी-४ प्लस या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या धूर-उत्सर्जन मानकांचा नवा सेट आधीच्या सेटपेक्षा महाग पडतो.

रुग्णालय देखभाल, दापोली:
वरील सल्ल्यात मी डिझेलची भर घालतो, कारण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या भागात बरेच दिवस वीज नव्हती आणि आमचा सेट दुसऱ्याच रात्री बंद पडला. इंजिन ठणठणीत होते. टाकी वर्षभर अर्धीच राहिल्यामुळे दमट हवेतील पाणी तळाशी साचले होते, त्यावर बुरशीचा काळा गाळ धरला होता आणि त्याच गाळाने फिल्टर पूर्ण बंद केला होता. दुसरा फिल्टर हाताशी नव्हता, आणि प्रसूतिकक्षात बॅटरीच्या उजेडात घालवलेले ते दोन तास मी विसरू शकत नाही. तेव्हापासून टाकी भरलेली ठेवतो, वॉटर सेपरेटरमधील (डिझेलमधून पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यातील) पाणी दर महिन्याला काढतो आणि फिल्टरचे दोन जोड कपाटात असतातच. बॅटरीचा चार्जर चालू आहे की नाही, हेही कृपया डोळ्यांनी पाहा. नुसते नोंदवहीत 'ठीक' लिहिलेले असते.

सोसायटी सचिव, पुणे:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी डिपस्टिक पाहिली. ऑइल वरच्या खुणेपेक्षा बोटभर वर आहे आणि त्याला स्पष्टपणे डिझेलचा वास येतो. ऑइल बदलून दोन वर्षे झाली आहेत. तास भरले नाहीत, म्हणून बदलले नाही, असे सांगण्यात आले. शनिवारचे चालवणे मी थांबवले असून लोड बँकेची चौकशी सुरू केली आहे. ऑइल चाचणीच्या आधी बदलावे की नंतर?

डीजी मेकॅनिक, नाशिक:
आधीच बदला, फिल्टरसह. डिझेलने पातळ झालेल्या ऑइलवर ७५ टक्के लोड दिला तर बेअरिंग आणि टर्बो दोन्ही धोक्यात येतील. चाचणीनंतर पातळी पुन्हा पाहा आणि यापुढे तास भरोत न भरोत, उत्पादकाने दिलेल्या मुदतीत ऑइल बदलत जा. शनिवारऐवजी महिन्यातून एकदा अर्धा तास, गच्चीवरची पाण्याची टाकी रिकामी असताना पंप आणि दोन्ही लिफ्ट सेटवर घेऊन चालवा. अँपिअर २६ च्या, म्हणजे ३० टक्के लोडच्या, पुढे गेले पाहिजेत. तो आकडा सुरक्षारक्षकांना दर वेळी नोंदवहीत लिहायला सांगा.