कोरियात राहतोय, पण गल्लीतल्या छोट्या खानावळीत जेवायला सुरुवात कुठून करायची?

युसॉंगकर:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं गेल्या वर्षीपासून देजॉनला, युसॉंग भागात राहतोय. मी चिकन, मासे, अंडी खातो पण बीफ-पोर्क नाही, आणि बायको व्हेज आहे, अंडं चालतं तिला. आत्तापर्यंत आमचं बाहेरचं खाणं म्हणजे कॅम्पसचं कँटीन, फ्राइड चिकन, कॅफे, आणि कोणी आलं गेलं की इंडियन रेस्टॉरंट. पण घराखालच्या गल्लीत छोट्या खानावळींची रांगच आहे, दुपारी बारा वाजले की आजूबाजूच्या ऑफिसातली माणसं घोळक्याने आत शिरतात, काचेतून टेबलावर मांडलेल्या त्या दहा वाट्या दिसतात आणि आत जाऊन बसावंसं फार वाटतं. मेनू भिंतीवर कोरियनमध्ये, हांगुल लिपी वाचता येते पण वाचून कळतं काय, तर काहीच नाही. नुसतं ‘फेमस ठिकाणं’ नकोयत मला, ती लिस्ट कुठेही मिळते. इथले लोक रोज जे जेवतात ते कसं शोधायचं, व्हेज माणसाला त्यात काय मिळतं, आणि एकटा परदेशी माणूस जाऊन बसला तर चालतं का, हे सांगा. देजॉनचं स्वतःचं असं काही असेल तर तेही.

खादाडभाऊ:
पहिली गोष्ट, चालतं, अगदी बिनधास्त जा. फक्त कुठे एकटं जायचं आणि कुठे नाही ते बघा. बार्बेक्यू, किंवा टेबलावरच मोठ्या भांड्यात उकळत ठेवतात तसले प्रकार बहुतेक ठिकाणी किमान दोन माणसांचेच देतात, तिथे एकट्याने गेलं तर नाही म्हणतात, ते तुम्ही परदेशी म्हणून नाही, सगळ्यांनाच. एकट्यासाठी बेकबान म्हणजे भात, सूप आणि बाजूच्या वाट्या असं रोजचं जेवण देणारी खानावळ, टॅक्सीवाल्यांसाठीच्या गिसा-शिकदांग, गिम्बाप म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताची दुकानं आणि कालगुक्सू म्हणजे नूडल्सवाले, हे बेस्ट. बारा ते एक टाळा, साडेअकराला नाहीतर दीडला जा, म्हणजे खानावळीच्या बाईंनाही तुमच्याशी बोलायला वेळ असतो. तीन ते पाच पुष्कळ ठिकाणी ब्रेक टाइम असतो, तेव्हा दार उघडं दिसलं तरी जेवण मिळत नाही.

दुसरं म्हणजे इथे हॉटेल निवडू नका, पदार्थ निवडा. चांगल्या छोट्या खानावळी एक-दोनच गोष्टी करतात. भिंतीवर तीन ओळींचा मेनू असेल तर समजायचं की तीच वस्तू वर्षानुवर्षं करतायत, चाळीस पदार्थांचा बोर्ड असला तर पोट भरतं पण तुम्ही म्हणताय ते तिथे नाही. शोधायला गूगल मॅप्स ठेवा बाजूला, इथे त्यात चालत जायचा रस्तासुद्धा धड मिळत नाही, नेव्हर मॅप घ्या. त्यात बिल दाखवून लिहिलेले रिव्ह्यू वेगळे कळतात आणि लोक मेनूचे फोटो टाकतात, तो फोटो घरीच पापागो या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकून वाचून घ्यायचा आणि मग जायचं. दारात उभं राहून फोनशी झटापट करायची गरज राहत नाही.

आत गेल्यावर चमचे-चॉपस्टिक्स बऱ्याचदा टेबलाच्या कडेच्या ड्रॉवरमध्ये असतात, पाणी आपलं आपण घ्यायचं, बोलवायला टेबलावर बेल, नसली तर जरा मोठ्याने ‘यॉगीयो’, यात उद्धट काही नाही. बिल जाताना काउंटरवर, टिप अजिबात नाही. बाजूच्या वाट्या म्हणजे बानचान जेवणाच्या किमतीतच, संपल्या की परत मागा, पण मागून टाकू नका, ते मात्र लोकांच्या नजरेत येतं.

तुम्ही मासे खाताय ना, मग सेंगसॉनगुई बेकबान शोधा, म्हणजे भाजलेल्या माशाचं जेवण. गोदंगो म्हणजे आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा, मिठात मुरवून उभा चिरून असा भाजतात की कातडीवर फोड येतात आणि चरबी ताटलीत उतरते, सोबत गरम भात. कोरियन जेवणाशी ओळख व्हायला याहून सोपं काही मला तरी माहीत नाही. चिकनमध्ये साम्ग्येतांग, अख्ख्या कोवळ्या कोंबडीत चिकट तांदूळ, जिनसेंग, लसूण, लाल खजुरासारखं ते देचू भरून शिजवतात. उन्हाळ्यात बोकनाल म्हणून तीन दिवस असतात, त्या दिवशी याच्यासाठी सगळीकडे रांगा, तेव्हा आदल्या नाहीतर पुढच्या दिवशी जा.

सेऊल_हिरवी:
व्हेजचं मी लिहिते, मी स्वतः व्हेज आहे आणि इथे बरीच वर्षं काढलीत. सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा की नेहमीच्या किमचीत जॉतगाल असतं, म्हणजे खारवलेली कोळंबी किंवा अँचोवी हे बारके मासे. आणि सूप, नूडल्स, त्तॉकबोकी म्हणजे तांदळाच्या कांड्या तिखट रश्शात, साधं दिसणारं त्वेनजांगचं म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं सूप, यात पाणीच बहुतेक वेळा सुक्या अँचोवीचं असतं. मांस कुठे दिसत नाही म्हणून व्हेज समजायचं नाही. ‘गोगी प्पे जुसेयो’ म्हटलं की मांस काढतील पण हॅम, फिशकेक, खेकड्याची कांडी हे तसंच राहील कारण ते त्यांच्या हिशोबात मांसात येत नाही. म्हणून एकेक वस्तूचं नाव घेऊन सांगायचं. मी फोनमध्ये कोरियनमध्ये एक छोटी नोट ठेवलीय, काय काय खात नाही आणि अंडं-दूध चालतं असं स्पष्ट, ती दाखवते, खानावळीतल्या बायका वाचतात आणि काय जमेल ते लगेच सांगतात. जमत नसेल तर तेही तोंडावर सांगतात, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

आता काय मिळतं ते. बोरीबाप म्हणजे सातूचा (बार्लीचा) भात, वर पाच-सहा प्रकारच्या पालेभाज्या, तिळाचं तेल, गोचुजांग म्हणजे तिखट लाल मिरचीची पेस्ट, सगळं कालवून खायचं. बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, मांस काढून, पण गोचुजांगमध्ये खिमा परतलेला नाही ना हे विचारायचं, काही ठिकाणी असतो. आणि उन्हाळ्यात कोंगगुक्सू! मे-जूनमध्ये खानावळींच्या काचेवर कागद लागतात की कोंगगुक्सू सुरू झालं. सोयाबीन भिजवून, उकडून, वाटून केलेलं घट्ट पांढरं थंडगार पाणी, त्यात गव्हाचे नूडल्स, वर काकडी. मीठ आपलं आपण घालायचं, जॉल्ला भागातले लोक साखर घालतात आणि त्यावरून इथे खरोखरचे वाद होतात. पहिला घोट एकदम सपक लागेल, मीठ हळूहळू वाढवा, मग सोयाबीनची चव वर येते. सोबतची किमची तेवढी बाजूला ठेवायची.

सेऊलला आलात तर जोग्येसा मंदिरासमोर बालू गोंगयांग आहे, जोग्ये या बौद्ध पंथाचंच, मंदिरातलं जेवण. तिथे मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसूण वर्गातल्या पाच भाज्याही नाहीत, किमचीसुद्धा त्याशिवायची. बुकिंग करून जा, रोजच्या जेवणाच्या मानाने महाग आहे पण एकदा तरी जावंच.

खादाडभाऊ:
ताई, सगळं मान्य, पण अँचोवीच्या पाण्यावर इतकं अडून राहिलं तर अर्ध्या गल्ल्या बंद होतात, माझे बरेच व्हेज मित्र पाण्यापुरतं चालवून घेतात.

सेऊल_हिरवी:
भाऊ, ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी नाही चालवून घेत, आणि तरी मला बाहेर जेवायला मिळतं. ठरवायचं ते माहिती असून ठरवावं एवढंच माझं म्हणणं.

पिठाचा_डबा:
देजॉनबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण हे गाव खाण्याच्या बाबतीत उगाच मागे राहतं, लोक केटीएक्स या वेगवान रेल्वेने सेऊलहून तासाभरात इथून पुढे निघून जातात. देजॉन हे पिठाचं गाव आहे. कोरियन युद्धानंतर अमेरिकेची मदत म्हणून गहू-पीठ आलं, देजॉन रेल्वेचं मोठं जंक्शन, पीठ इथे उतरायचं, त्यातून इथे घरोघर आणि गल्लोगल्ली कालगुक्सू रुजलं, हाताने लाटून सुरीने कापलेले नूडल्स. सॉंगशिमदांग बेकरीसुद्धा त्याच पिठातून उभी राहिली, १९५६ साली स्टेशनसमोर वाफवलेल्या पावांचं छोटं दुकान म्हणून. आज तिच्या शाखा फक्त देजॉनमध्येच आहेत, बाहेर काढल्याच नाहीत. त्विगिम सोबोरो म्हणजे लाल चवळीचं गोड सारण भरलेला, वर खरखरीत थर असलेला तळलेला पाव, तो तिथेच गरम असताना खा, घरी नेऊन गार झालेल्यात ती मजा नाही. वहिनींनाही चालेल, अंडं खातात म्हणताय.

कालगुक्सूच्या दुकानात दुबू-दुरुचिगी पण मिळतं, टोफू लालभडक तिखट रश्शात, टोफू संपत आला की उरलेल्या रश्शात नूडल्स कालवून मागायचे. त्यात पाणी अँचोवीचं असण्याची शक्यता मोठी, विचारून घ्या. तिखट कालगुक्सूवर सुक्गात या वासाच्या पालेभाजीची पानं ढीगभर देतात, ती गरम रश्शात दाबून लगेच खायची, जास्त वेळ ठेवली की वास जातो.

आणि तुमच्या युसॉंगमध्येच गुजूक भागात मुकची खानावळवस्ती आहे हे माहितीय का? मुक म्हणजे ओकच्या फळांच्या पिठाची वडी. फळं वाटून पाण्यात ठेवतात, तुरटपणा जाईपर्यंत पाणी बदलत राहतात, खाली बसलेलं सत्त्व शिजवून सतत ढवळतात आणि थापून गार करतात. तपकिरी, थलथलीत, चॉपस्टिकने उचललं की थरथरतं, मागे किंचित तुरट चव राहते. मुकबाप मागितलं की त्याच्या लांब कापट्या, वर किमची, गिम म्हणजे सुकं समुद्री शेवाळ, आणि रश्श्याचं पाणी, हिवाळ्यात गरम, उन्हाळ्यात थंड. वहिनींसाठी नुसतं मुक भाज्या आणि सोया सॉसमध्ये कालवून घ्या, मुचिम म्हणायचं, त्यात मासळीचा रस्सा येत नाही, पण सॉस विचारा.

सुट्टीच्या दिवशी दोंगहाकसा मंदिराच्या पायथ्याशी जा, ग्येर्योंगसान डोंगराच्या कुशीत, मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर डोंगरी पालेभाज्यांचं बिबिम्बाप देणाऱ्या खानावळीच खानावळी आहेत. आणि ४ आणि ९ ने संपणाऱ्या तारखांना युसॉंगचा पाच-दिवसी बाजार भरतो, तो तर चालत जाण्यासारखा असेल तुम्हाला. होत्तॉक म्हणजे गोड सारणाची तव्यावरची पोळी, पीळ दिलेले गोड तळलेले पाव, तव्यावरचे मुगाचे जाड जॉन म्हणजे धिरडी (काहीत पोर्क घालतात, विचारा). धान्य फुलवणाऱ्याकडे बघत उभे राहा, तो ओरडला की कान झाका, लोखंडी भांड्यातून धडाम करून तांदूळ बाहेर येतो.

युसॉंगकर:
वा, एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. गुजूक तर आमच्यापासून बसने जवळ आहे आणि मला पत्ताच नव्हता. ताई, तुमच्यासारखी नोट आज रात्रीच बनवतो. एक विचारायचं होतं, एकाच ठिकाणी परत परत जावं का दरवेळी नवीन?

खादाडभाऊ:
परत परत. घराजवळचं एक बेकबान पकडा आणि आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळेला जात राहा. बेकबानमध्ये वाट्या दिवसागणिक बदलतात, बाजारात काय आलंय त्यावर, वसंतात डोंगरी पाला, पावसाळ्यात काकडी-झुकिनी, थंडीत मुळा, म्हणजे एकाच टेबलावर बसून वर्षभरात पूर्ण कोरियन स्वयंपाक समोरून जातो. काही दिवसांनी त्या बाईच तुमचं पोर्क काढून ठेवतील, न सांगता एखादं अंडं जास्त येईल. त्यांना इमोनिम म्हणा, म्हणजे मावशी. जेवून उठताना ‘जाल मॉगॉस्सुम्निदा’, म्हणजे छान जेवलो, म्हणायचं विसरू नका.

सेऊल_हिरवी:
आणि बायकोला पहिल्या वेळेलाच सोबत न्या, नोट तिच्याच हातात द्या. जी खाणार नाही तिचा चेहरा बघितलेला असला की मावशी लक्षात ठेवतात.

पिठाचा_डबा:
बाजार या महिन्यात एका शनिवारी येतोय, कॅलेंडर बघा. रोख पैसे ठेवा जवळ, हजार-हजारच्या नोटा, बाजारात सगळेच कार्ड घेत नाहीत. आणि सकाळी लवकर जा, दुपारनंतर आवरायला लागतात.