टीडीसीएस आणि डाव्या हाताचा बोटक्रम : इलेक्ट्रोड कुठे, करंट कधी?

प्रश्न : धुळेकर_फिजिओ

राम राम मंडळी. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. उजव्या हाताने लिहिणाऱ्या निरोगी विद्यार्थ्यांना डाव्या हाताने कीबोर्डवर ४-१-३-२-४ हा क्रम शिकवायचा. ३० सेकंद टॅपिंग, ३० सेकंद विसावा, अशा १२ फेऱ्या. सोबत टीडीसीएस (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूला दिलेला सौम्य, एकदिश करंट) : २ मिलिअँपिअर, २० मिनिटे, ५×७ सेंमीचे स्पंज, अॅनोड (धन इलेक्ट्रोड) सी३ वर, म्हणजे डोक्याच्या डाव्या बाजूच्या ठरलेल्या खुणेवर.

करंट सरावाआधी द्यायचा की सरावासोबत? चाचणीत मशीन सारखं ‘हाय इम्पीडन्स’ (करंटला विरोध जास्त) दाखवून बंद पडतंय. आणि मशीन एकच आहे, तर दुसरं ९ व्होल्टची बॅटरी नि रेझिस्टर लावून बनवलं तर चालेल का?

उत्तर १ : मेंदू_आणि_हात

पहिली चूक सी३ ची. डावा हात उजव्या मेंदूकडून चालतो, म्हणून अॅनोड सी४ वर (सी३ सारखीच उजव्या बाजूची खूण) आणि कॅथोड (ऋण इलेक्ट्रोड) डाव्या भुवईच्या वर. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावा आणि मध्य काढा. मग एका कानाच्या पुढच्या खळग्यापासून दुसऱ्यापर्यंत डोक्यावरून मोजा. दोन्ही मध्य जुळतात तो सीझेड, म्हणजे डोक्यावरचा मध्यबिंदू. कान-ते-कान ३५ सेंमी आलं, तर त्याचे २० टक्के, म्हणजे सीझेडपासून उजवीकडे ७ सेंमीवर सी४. नजरेच्या अंदाजाने लावू नका, दोन सेंमी सरकलं की हाताचा भाग सुटतो.

इम्पीडन्सचं कारण बहुतेक वेळा डोक्यावरचं तेल. आपल्याकडे तेल चोपडल्याशिवाय मुलं घराबाहेर पडत नाहीत, हे माहीत आहेच. तेलाच्या थरातून करंट जात नाही. मशीन ठरलेला करंट टिकवायला व्होल्टेज वाढवतं आणि शेवटी हात टेकतं. वाईट म्हणजे जिथे कातडी मोकळी सापडते तिथूनच सगळा करंट घुसतो आणि तिथे चटका बसतो. म्हणून आदल्या रात्री शाम्पू, सकाळी तेल नाही. केसांचा भांग पाडून स्पंज थेट कातडीवर टेकवा. कातडी खरडू नका.

पाणी नळाचं किंवा बोअरचं नको, मेडिकलमधलं सलाइन घ्या. एका स्पंजला साधारण १२ मिली पुरतं. ते ठिबकायला लागलं की करंटचं क्षेत्र पसरतं. एप्रिल-मेमध्ये उलटाच त्रास : कूलरचा झोत थेट डोक्यावर असेल तर स्पंजच्या कडा दहा मिनिटांत सुकतात, आणि कूलर नसेल तर घामाचा ओहोळ दोन्ही स्पंज जोडतो. मग करंट कातडीवरूनच पलीकडे जातो. सकाळची वेळ धरा, झोत बाजूला वळवा. सुकतंय असं वाटलं तर सिरिंजने २-३ मिली घाला.

उत्तर २ : खान्देशी_न्यूरो

बॅटरीचं डोक्यातून काढून टाका, भो. हिशेब बघा : डोक्याचा नि स्पंजांचा मिळून रेझिस्टन्स ५ किलोओहम असेल तर ९ भागिले ५०००, म्हणजे १.८ मिलिअँपिअर. स्पंज नीट भिजून तो २ किलोओहमवर आला की तोच करंट ४.५ होतो. रेझिस्टर लावला तरी करंट कमी-जास्त होतच राहतो. खरं मशीन करंट स्थिर ठेवतं, आणि ३० सेकंदांत हळूहळू चढवून तसाच उतरवतं. बॅटरीची तार निसटली की डोळ्यांपुढे लख्ख प्रकाश चमकतो, माणूस दचकतो.

करंट सरावाच्या सोबत. आधी दिल्यावर शिकणं मंदावलेलंही आढळलं आहे. तुमच्या १२ फेऱ्या १२ मिनिटांत संपतात, मग २० मिनिटं कशाला? फेऱ्या वाढवा किंवा करंट १३ मिनिटांवर आणा. ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे इथे लागू नाही : १ मिलिअँपिअर २६ मिनिटं सलग दिल्यावर अॅनोडचा परिणाम उलटलेला दिसला आहे.

उत्तर ३ : आकडेमोड_जळगाव

एका दिवसात निकाल शोधू नका. २००९ मध्ये राइस आणि सहकाऱ्यांनी करंटसोबत पाच दिवस सराव घेतला होता. फरक मुख्यतः एका दिवसाचं सत्र संपल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या सुरुवातीपर्यंतच्या काळात पडला, आणि तीन महिन्यांनंतरही टिकला. म्हणून प्रत्येक दिवसाची पहिली आणि शेवटची फेरी वेगळी नोंदवा. वेग एकटा नको, चुकाही मोजा. पोरं घाईत वेग वाढवतात नि क्रम विसरतात.

खोट्या गटात (तुलनेसाठी ज्यांना नुसता देखावा करायचा) ३० सेकंद करंट चढवून बंद करतात, मुंग्या येतात म्हणून कळत नाही. पण २ मिलिअँपिअरवर कपाळ लाल होतं, ते लपत नाही. कुणाला खरं, कुणाला खोटं हे माहीत असलेला माणूस फेऱ्या मोजायला बसवू नका. शेवटी प्रत्येकाला विचारा, तुम्हाला खरं मिळालं असं वाटतं का.

गटात दहा-दहा मुलं घेऊन काही सिद्ध होणार नाही, कारण साधारण निम्म्या माणसांतच अपेक्षित परिणाम दिसतो. डोक्यात धातू, पेसमेकर, फिट्सचा इतिहास किंवा टाळूवर जखम असेल तर घेऊच नका. एथिक्स कमिटीची परवानगी आणि सीटीआरआयची (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी पहिल्या विद्यार्थ्याच्या आधी.

प्रश्नकर्ता : सी३ चं लक्षात आलं, अॅनोड सी४ वर नेतो. १३ मिनिटं, १ मिलिअँपिअर, पाच दिवस. शाम्पूची सूचना आजच नोटीस बोर्डावर लावतो.