एकाच मोहिमेतील खेळाडू दोन पक्षांत विभागले गेले तर खेळ चालवणाऱ्या डीएमने काय करावे?

खाडीकाठ (रत्नागिरी)
गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी माझ्या घरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती फासे टाकून पात्रे रंगवण्याच्या खेळाची मोहीम चालते. खेळाडू चार आहेत आणि डीएम, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा डंजन मास्टर, मी. मोहिमेतल्या बंदरावर दोन पक्ष हक्क सांगतात: जकात वसूल करणारे दर्यासारंग आणि घाटावरून उतरलेले राजघराणे. हा वाद मी केवळ पार्श्वभूमी म्हणून ठेवला होता, पण दोघे खेळाडू एका बाजूला गेले आणि दोघे दुसऱ्या. गेल्या रविवारी एकाने किल्ल्याच्या दिंडीची किल्ली दर्यासारंगांना दिल्याचे मला चिठ्ठीवर लिहून कळवले. मी ती चिठ्ठी घडी करून फाशांच्या डब्याखाली ठेवली. अर्ध्या तासाने दिंडी आतून उघडली, तेव्हा राजपक्षाची पॅलॅडिन, म्हणजे शपथबद्ध योद्धा, खेळणारी मैत्रीण काही न बोलता तिच्या पात्राच्या नोंदींचा कागद आवरून निघून गेली. आता सर्वांना एकाच पक्षात आणावे का?

सुरंगी (वेंगुर्ला)
कृपया तसे करू नका. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ २००४ साली आला तेव्हापासून त्यातल्या अलायन्स आणि होर्ड या दोन विरोधी पक्षांच्या खेळाडूंना एकमेकांचे बोलणेही वाचता येत नसे, आणि दोन बाजूंना गेलेल्या मित्रांना राक्षसांशी लढायच्या तळघरांत (डंजनमध्ये) एकत्र उतरता यावे म्हणून अखेर २०२२ साली ती भिंत कंपनीलाच खाली आणावी लागली. मला 'स्कायरिम' या व्हिडिओ गेममधली पद्धत अधिक पटते. तिथे एक सेनापती तुम्हाला जुना मुकुट आणायला पाठवतो, पण मुकुट हाती आल्यावर तो थेट विरुद्ध पक्षाला नेऊन देता येतो, आणि त्यानंतर बाजू बदलण्याची वाट बंद होते. फितुरीला अशी ठरलेली जागा असली, तर ती खेळाचाच भाग राहते.

माडाचीवाडी
मी असहमत आहे. चारच खेळाडूंच्या मोहिमेत दोन पक्ष म्हणजे डीएमने दोन खेळ एकाच वेळी चालवणे. मी पहिल्याच बैठकीत एक पक्ष ठरवून घेतो.

भरती (अलिबाग)
आपल्याच किनाऱ्याचे उदाहरण देतो. १७१३ साली कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूने होते आणि शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैद केले होते. पण १७१४ साली बाळाजी विश्वनाथांशी बोलणी झाली, पिंगळे सुटले, आणि कान्होजी आपले किल्ले व सरखेल हा किताब राखून शाहूंच्या पक्षात आले. म्हणजे बाजू बदलली ती समोरासमोर बसून, काय द्यायचे आणि काय राखायचे हे ठरवून. तुमच्या खेळात ही बोलणीच गाळली गेली. जिच्या पक्षाची किल्ली गेली, तिला तो प्रसंग टेबलावर खेळायलाच मिळाला नाही. पुढच्या रविवारी दिंडी उघडी, दर्यासारंग आत आणि पॅलॅडिन समोर उभी, इथूनच सुरुवात करा, आणि किल्ली देणाऱ्याला तिच्यासमोर उत्तर द्यायला लावा.

खाडीकाठ (रत्नागिरी)
सर्वांचे मनापासून आभार. काल तिला फोन केला. किल्ली दिल्याचा तिला राग नव्हताच. ती चिठ्ठी अर्धा तास तिच्या डोळ्यांसमोर डब्याखाली होती आणि मी हसत फासे टाकत होतो, हे तिला लागले होते. मी माफी मागितली. ती रविवारी येते आहे, आणि बोलणी सुरू होण्यापूर्वी किल्ली टेबलाच्या मधोमध ठेवावी, अशी तिची अट आहे. घरातल्या जुन्या कपाटाची पितळी किल्ली मी त्यासाठी काढून ठेवली आहे.