अनुभव धागा: पैसे देऊन घेतलेला गेम, कंपन्यांची वागणूक आणि आपण फॅन लोक

जॉयस्टिक
आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्री-ऑर्डर (गेम यायच्या आधीच पैसे भरून बुकिंग) करावी का नाही यावरून जोरात वाजलं, म्हणून म्हटलं इथे सगळ्यांचेच अनुभव गोळा करू. गेम कंपन्यांचं काय पटलं, काय डोक्यात गेलं, फॅन लोकांचं काय आवडतं, काय खटकतं, सगळं लिहा. मोबाइलवाले, पीसीवाले, कन्सोलवाले सगळे या, खरा गेमर कोण हा वाद इथे नको प्लीज.

माझं आधी सांगतो. प्री-ऑर्डर हा प्रकारच बंद व्हायला पाहिजे. सायबरपंक २०७७ आठवतोय ना, १० डिसेंबर २०२० ला आला आणि सोनीच्या जुन्या पीएस४ कन्सोलवर त्याची अशी अवस्था होती की सोनीने आठवड्याभरातच तो आपल्या स्टोअरवरून काढला, लोकांना रिफंड द्यावे लागले. २०२३ मध्ये २.० अपडेट आला आणि तोच गेम खरंच सुंदर झाला, मला आज तो प्रचंड आवडतो, पण "शेवटी सुधारला ना" असं कोणी म्हटलं की डोकं फिरतं, अरे ज्याने पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले त्याने काय घोडं मारलं होतं? डिजिटल गेमचा स्टॉक काही संपत नाही, मग आधी बुकिंग करून मिळतं काय, एखादं जॅकेट नाहीतर तलवार.

मधली_सुट्टी
मी स्वतः खेळत नाही पण घरात बारा वर्षांचा खेळणारा आहे म्हणून लिहितेय. त्याच्या मोबाइल गेममध्ये (नाव घेत नाही) रुपये दिसतच नाहीत. रुपये देऊन रत्नं घ्यायची, रत्नं देऊन तिकिटं, तिकिटं देऊन पेटी उघडायची आणि पेटीत काय निघेल ते नशीब. मी एकदा त्याच्या शेजारी बसून नीट बघितलं. एका तिकिटाला जेवढी रत्नं लागतात तेवढ्या रत्नांचं पॅकच विकायला नाही, एक पॅक थोडं कमी पडतं आणि पुढचं बरंच जास्त होतं, म्हणजे दरवेळी थोडी रत्नं उरणारच आणि ती उरलेली बघून पोराला वाटणार की आता थोडीच तर लागतायत. कोणीतरी मोठ्या माणसाने ऑफिसात बसून हा हिशोब लहान मुलांसाठी केलाय याचा मला संताप येतो. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. पोराच्या हातून मोबाइल काढून घ्या हा सल्ला कृपया देऊ नका, तो मला रोज मिळतो.

रीस्पॉन
ताई, शंभर टक्के. आणि हे फक्त फुकट गेममध्ये नाही, पूर्ण किमतीच्या गेममध्येही घुसवलं होतं. २०१७ चा स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ बघा, डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला तासन्‌तास घासत बसायचं, नाहीतर पैसे देऊन पेट्या उघडायच्या. कंपनीने रेडिटवर त्याचं समर्थन केलं तर त्या उत्तराला साडेसहा लाखांच्या वर डाउनव्होट पडले आणि गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी त्यांनी आतली खरेदी बंद केली. म्हणजे लोक बोलले की फरक पडतो.

माझा मुद्दा सर्व्हरचा, म्हणजे कंपनीच्या ज्या कॉम्प्युटरवर ऑनलाइन गेम चालतो त्याचा. मी आणि माझा भाऊ एक गेम कित्येक वर्षं रोज रात्री जेवणं झाली की खेळायचो, तो नोकरीला बाहेर गेल्यावर आमचं बोलणं त्या गेममध्येच व्हायचं, आणि एक दिवस नोटीस आली की सर्व्हर बंद करतोय, धन्यवाद. विकत घेतलेलं सगळं गेलं. दुकानदाराने घरी येऊन विकलेली सायकल उचलून न्यावी तसं वाटलं. द क्रू नावाचा २०१४ चा रेसिंग गेम आहे, तो एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केला आणि गेम कायमचा गेला. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स मोहीम काढली, जुलै २०२५ मध्ये त्यांच्या युरोपियन युनियनकडच्या मागणीवर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी काय, तर सर्व्हर कायम चालवा असं नाही, बंद करताना गेम खेळता येईल अशा स्थितीत सोडा. यात गैर काय आहे? आता स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) पैसे भरताना खाली लिहून येतं की तुम्ही लायसन्स घेताय, म्हणजे गेम तुमच्या मालकीचा नाही, फक्त खेळायची परवानगी. निदान खरं तरी सांगतात.

बग_शोधणारा
पुण्यात बसून परदेशी गेमचं टेस्टिंग केलंय काही वर्षं. एका गेममध्ये घोडा बंद दारातून आरपार जायचा, मी व्हिडिओ जोडून, पायऱ्या लिहून नोंदवला. "माहीत आहे, नंतर बघू" म्हणून रिपोर्ट बंद झाला कारण तारीख आधीच जाहीर झाली होती. गेम आल्यावर लोकांनी तोच घोडा शेअर केला आणि खाली कमेंट, टेस्टर झोपले होते का. आम्ही रात्री अकराला घरी जात होतो हो.

कंपनीवर चिडा, जरूर चिडा, पण माणसांवर जाऊ नका. २०१६ मध्ये नो मॅन्स स्काय थोडा लांबला म्हणून तो बनवणाऱ्या शॉन मरेला जिवे मारायच्या धमक्या आल्या. २०२० मध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट २ मधल्या एका पात्राला आवाज दिला म्हणून लॉरा बेलीला तसल्याच धमक्या, कथा तिने लिहिलेली पण नव्हती. याला प्रेम म्हणत नाहीत.

माइक_ऑफ
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) खेळते, पबजी होता तेव्हापासून, २०२० ची बंदी, २०२१ ला परत, २०२२ ला परत गायब, २०२३ ला परत, सगळं बघितलंय. सरकारने आणि कंपनीने जेवढा त्रास दिला नाही तेवढा माइक चालू केल्यावर अनोळखी टीममेट देतात. मुलीचा आवाज ऐकला की एकजण नंबर मागणार, दुसरा शिव्या देणार, तिसरा मुद्दाम आपल्याच गाडीने उडवणार. मी रिपोर्ट करते, प्रत्येक वेळी करते. ज्या मुलांनी हे ऐकून तोंड उघडलं, "तिला खेळू दे" म्हणाले, त्यांच्यासोबतच आता माझा स्क्वाड आहे.

तिखटमीठ
चांगला राग कसा असतो ते हेलडायव्हर्स २ हा गेम खेळणाऱ्यांकडून शिका. मे २०२४ मध्ये सोनी म्हणाली स्टीमवाल्यांनी पीएसएन (सोनीची स्वतःची ऑनलाइन सेवा) खातं जोडलंच पाहिजे, आणि कितीतरी देशांत पीएसएन नाहीच. दोन लाखांच्या वर निगेटिव्ह रिव्ह्यू पडले, काही दिवसांत निर्णय मागे.

गोदाकाठ
एवढ्या तक्रारी वाचल्या म्हणून एक चांगलं सांगतो. राजी: अॅन एन्शंट एपिक, २०२०, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला शोधायला निघालेली मुलगी. लढाई कधी कधी अडखळते, गेम छोटा आहे, पण पेटी नाही, रत्नं नाहीत, घेतला की पूर्ण गेम हातात. मी सेलची वाट न बघता घेतला. असे अजून भारतीय गेम माहीत असतील तर खाली नावं टाका, दिवाळीचा बोनस आलाय.