वेफर भरलेला बार हा चॉकलेट बार धरावा का?

पारिजात:
आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आनंदमेळ्यात मुलांसाठी 'सर्वांत आवडता चॉकलेट बार' असे मतदान ठेवायचे ठरले आहे. यादी करायला बसलो आणि समितीत सरळ दोन तट पडले. एका गटाच्या मते दुकानात चॉकलेटांच्या रांगेत जे जे लांबट पाकीट ठेवलेले असते, ते सगळे चॉकलेट बार. दुसऱ्या गटाच्या मते आत वेफर, कॅरॅमल किंवा नुगा (साखरेची मऊ, चिवट मिठाई) असेल तर तो पदार्थच निराळा असून निर्भेळ चॉकलेटच्या वडीशी त्याची स्पर्धा लावणे योग्य नाही. मला दुसरे मत पटते, परंतु ते नियमात बसवून मांडता येत नाही. बदाम किंवा मनुका घातलेल्या वडीला आपण निःशंकपणे चॉकलेट म्हणतो; मग वेफरने काय घोडे मारले, असे कोणी विचारले की मी निरुत्तर होतो. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मोजमाप:
आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत सापडते. फळे किंवा सुकामेवा घातलेल्या चॉकलेटला तिथे संमिश्र चॉकलेट मानले आहे आणि त्यात वजनाने किमान ६० टक्के चॉकलेट असावे लागते. गाभा वेगळा आणि बाहेरचे कवच चॉकलेटचे असेल, तर ते भरलेले चॉकलेट. तिथे कवचातील चॉकलेट एकूण वजनाच्या २५ टक्के असले तरी चालते. मात्र भरलेल्या चॉकलेटच्या याच व्याख्येतून पिठाची मिठाई, पेस्ट्री आणि बिस्किटे स्पष्टपणे वगळली आहेत. वेफर म्हणजे मैद्याचे पातळ पीठ दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबून भाजलेले बिस्किटच होय. त्यामुळे कॅरॅमलचा बार व्याख्येत बसतो आणि वेफरचा बसत नाही. करवर्गीकरणातही हाच भेद दिसतो, कारण चॉकलेट १८०६ या शीर्षकाखाली येते, तर चॉकलेट लावलेले वेफर पाव-बिस्किटांबरोबर १९०५ खाली येतात. २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा दोन्हींवर २८ टक्केच कर होता आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो दोन्हींवर १८ टक्के झाला, म्हणजे खिशाला फरक पडला नाही. तरीही शीर्षके वेगळीच राहिली. माझ्या मते हा निवाडा पुरेसा आहे.

जुनी_बखर:
मोजमाप यांनी दिलेली माहिती महत्त्वाची आहे, परंतु तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. हे नियम पाकिटावर काय छापावे आणि कर कोठे लावावा यासाठी केलेले आहेत. चॉकलेट बार ही वस्तू त्यांच्या कितीतरी आधीची आहे. १८२८ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन हाउटेन यांच्या दाबयंत्राने कोकोतील स्निग्धांश, म्हणजेच कोको बटर, वेगळा काढता येऊ लागला. तोपर्यंत चॉकलेट हे मुख्यतः पिण्याचे पेय होते. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८४७ मध्ये कोको पावडर आणि साखर यांच्यात तो स्निग्धांश पुन्हा मिसळून साच्यात ओतला आणि खाण्याची घट्ट वडी तयार केली. येथपर्यंतचा इतिहास आपल्या दुसऱ्या गटाच्या बाजूचा आहे. पुढचा नाही, कारण त्याच फ्राय कंपनीने १८६६ मध्ये आत साखरेचे मऊ फाँडंट आणि बाहेर काळे चॉकलेट असलेला बार बाजारात आणला, तर स्वित्झर्लंडमध्ये डॅनिएल पीटर यांचे दुधाचे चॉकलेट त्यानंतरच्या दशकातले आहे. ज्या दुधाळ वडीला आपण आज निर्भेळ चॉकलेटचा नमुना समजतो, तिच्यापेक्षा भरलेला बार वयाने मोठा आहे! यॉर्कच्या राउंट्री कंपनीचा वेफरचा बार १९३५ मध्ये 'चॉकलेट क्रिस्प' या नावाने आला आणि १९३७ मध्ये तो किटकॅट झाला. त्याच्या पहिल्या नावातच चॉकलेट होते. शिवाय साच्यात आधी चॉकलेट ओतून, त्यात वेफर बसवून, वरून पुन्हा चॉकलेटने बंद केलेल्या अशा पदार्थाला बार न म्हणण्याचे कारण मला दिसत नाही.

कोकोकन्या:
मी घरी चॉकलेट करून विकते, म्हणून वेगळा मुद्दा मांडते. आत काय भरले आहे यापेक्षा बाहेरचे चॉकलेट हे चॉकलेट आहे का, हे आधी पाहावे. आमच्या व्यवसायात अनेकजणी कंपाउंडची स्लॅब आणून, डबल बॉयलरवर वितळवून साच्यात ओततात. कंपाउंडमध्ये कोको पावडर असते, परंतु कोको बटरच्या जागी पामसारख्या तेलापासून केलेला घट्ट स्निग्धांश असतो. त्याला टेंपरिंग, म्हणजे वितळलेले चॉकलेट ठरावीक तापमानांना थंड-गरम करून घट्ट होण्यास तयार करणे, लागत नाही, त्यामुळे काम सोपे आणि स्वस्त होते. नीट टेंपर केलेल्या खऱ्या चॉकलेटची वडी मोडताना कट् असा आवाज येतो, मोडलेली कड स्वच्छ राहते आणि वरच्या बाजूला चकाकी असते. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या किंचित खाली वितळते, म्हणून तो तुकडा जिभेवर ठेवताच पूर्ण विरघळून जातो. कंपाउंड खाल्ल्यावर मात्र टाळूला मेणासारखा पातळ थर चिकटून राहतो. पाकिटावर 'चोको' असे अर्धवट नाव असेल, तर घटकांची यादी अवश्य वाचावी. तिच्यात कोको बटर किंवा कोको मास (कोकोच्या बियांचा वाटलेला गर) नसेल, तर आत काहीच न भरलेली अखंड वडीही मी चॉकलेट बार मानणार नाही, आणि खरे चॉकलेट असेल तर वेफरलाही माझी हरकत नाही.

रातांबा:
कोकोकन्या यांच्या कसोटीला एक पुरवणी जोडतो. कोको बटरखेरीज दुसरा स्निग्धांश आला की चॉकलेटपण संपले, असे सरसकट म्हणता येणार नाही. यावरून युरोपात अनेक वर्षे वाद चालला. २००० सालच्या युरोपीय निर्देशाने पाच टक्क्यांपर्यंत सहा ठरावीक वनस्पतिजन्य स्निग्धांशांना परवानगी दिली, आणि तरीही अशा मालाला 'चॉकलेटचा पर्याय' असे नाव लावण्याचा इटली आणि स्पेनचा आग्रह युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये फेटाळला. त्या सहांमध्ये साल वृक्षाच्या बिया, आंब्याच्या कोयीतील गर आणि कोकम या तिन्हींचे स्निग्धांश आहेत. कोकणात टाचांच्या भेगांना लावतात ते कोकमतेल हेच. खोलीच्या तापमानाला ते घट्ट गोळ्यासारखे राहते आणि अंगावर चोळल्यावर मऊ होते; त्याच्या स्निग्धांशाची घडण कोको बटरसारखी असते, म्हणूनच ते त्याच्याशी जुळते. भारतातही आता पाच टक्क्यांपर्यंत मुभा आहे. तेव्हा प्रमाण पाहावे, केवळ उपस्थिती नव्हे.

पारिजात:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. घटकांच्या यादीत कोको बटर किंवा कोको मास नसलेली पाकिटे वगळायची, हे समितीत एकमताने मान्य होईल असे वाटते. उरलेल्यांचे दोन गट करावेत असा माझा विचार आहे: साधी व सुकामेव्याची वडी एका गटात आणि गाभा असलेले बार दुसऱ्यात. जुनी_बखर यांचा १८६६ चा दाखला वाचल्यावर वेफरला दुसऱ्या गटातून बाहेर ठेवण्याचा आग्रह मी सोडला आहे.

मोजमाप:
पहिल्या चाळणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र फ्राय कंपनीचा दाखला फाँडंटचा आहे, भाजलेल्या पिठाचा नव्हे. वेफरला दुसऱ्या गटात घेतले, तर चॉकलेटमध्ये बुडवलेल्या बिस्किटालाही घ्यावे लागेल, आणि त्याला चॉकलेट बार म्हणायला समितीतील पहिला गटही तयार होणार नाही. म्हणून वेफरसाठी तिसरा गट ठेवावा, असे मी पुन्हा सुचवतो.