मदत हवी आहे: आभाळात गंधक सोडण्यावरच्या विज्ञानकथा

नमस्कार मंडळी. मी जतचा, जि. सांगली. इथल्या कॉलेजच्या मुलांसाठी एकांकिका लिहितोय. एक देश परस्पर ठरवतो आणि ऊन कमी व्हावं म्हणून विमानांतून स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, गंधकाचे कण सोडतो, असा विषय आहे.

१९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा अशाच कणांमुळे पृथ्वीचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरलं होतं. किम स्टॅन्ली रॉबिन्सनच्या 'द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर' (२०२०) या कादंबरीत तर उष्णतेच्या भीषण लाटेनंतर हा प्रयोग भारतच करतो. मला मात्र ही गोष्ट बांधावरून सांगायचीय. आमच्याकडे हस्ताचा पाऊस हुकला की शाळूची पेरणीच अडते. आणि फक्त उत्तर गोलार्धात कण सोडले तर पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकू शकतो, असं हवामानाची संगणकावरची प्रारूपं (मॉडेल्स) दाखवतात. मग जाब कुणाला विचारायचा? नाटकाचा सगळा जीव इथंच आहे.

या विषयावरची मराठी विज्ञानकथा कुणाला आठवते का? जुन्या दिवाळी अंकातली असली तरी चालेल, कृपया अंकाचं नाव आणि वर्ष कळवा. शिवाय हवामानशास्त्र शिकलेलं कुणी असेल तर सांगा: फवारणी एकाएकी बंद पडली तर दबलेली उष्णता किती झपाट्याने परत येते? शेवटचा प्रवेश त्यावरच अडलाय.